शिकागोतला पहिला उन्हाळा: आधी सतरंजी घ्या

मे संपत आला की नव्याने आलेल्या घरांतून हमखास विचारणा होते, "वीकेंडला कुठे जायचं?" माझं सांगणं असतं, वीकेंडची वाट बघू नका. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे पडदे ओढून दुपार काढायची, आणि ती सवय अंगात मुरलेली असते. इथे जूनअखेरीस सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. पाचला काम सुटलं तरी हातात तीन तास उजेड उरतो. एक जाडसर सतरंजी, तिच्याखाली घालायला प्लास्टिक आणि प्रत्येकाचं एक जॅकेट, एवढं एका पिशवीत भरून दाराशी ठेवा. जॅकेट जुलैतही लागतं. हवामानाच्या बातम्यांत "लेकजवळ थंड", म्हणजे लेक मिशिगन या तलावाकाठी हवा गार, असं रोज ऐकाल, ते अगदी खरं असतं.

पहिली संध्याकाळ मिलेनियम पार्कात घालवा. तिथल्या प्रित्झकर पॅव्हेलियन या खुल्या रंगमंचावर जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हल चालतो, बहुतेक करून बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी. 1935 पासून या शहरात उघड्यावर हे वाद्यवृंदाचे कार्यक्रम होत आले आहेत. पुढच्या काही खुर्च्या सभासदांच्या असतात, बाकी खुर्च्या आणि मागची सगळी हिरवळ फुकट. पाश्चात्त्य संगीतातलं काही कळत नाही म्हणून टाळू नका, मलाही तेव्हा कळत नव्हतं. आम्ही पहिल्यांदा गेलो ते पार मागे बसलो. व्हायोलिनवरचे गज काड्यांएवढे दिसत होते, पण सूर थेट डोक्यावरून उतरत होते. वर पाहिलं तर हिरवळीवर स्टीलच्या नळ्यांची कमानदार जाळी आणि तिला स्पीकर टांगलेले. ही योजना वास्तुकार फ्रँक गेरी यांची. वादन अगदी हळू झालं तेव्हा शेजारच्या बाईंनी डब्याचं झाकण आवाज होऊ नये म्हणून तळहाताने दाबून धरलं आणि मगच उघडलं. त्यावरून इथली रीत कळली. डबे वादन सुरू होण्याआधी उरकून घ्या आणि मुलं कुरकुरायला लागली तर कडेला घेऊन जा, कुणी वाईट मानत नाही. दिवसा तालमी चालतात, त्याही ऐकता येतात. लहान मुलांसाठी त्या जास्त सोयीच्या.

लेक मिशिगनबद्दल मात्र कळकळीने सांगते. गोडं पाणी, भरती-ओहोटी नाही, म्हणून हा तलाव साधा वाटतो. तसा तो नाही. वारा उठला की लाटा समुद्रासारख्या येतात, आणि काँक्रीटच्या धक्क्यांजवळची पाण्याची ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही आत नेते. शहरातले बीच मे महिन्यातल्या मेमोरियल डेच्या वीकेंडपासून सप्टेंबरमधल्या लेबर डेपर्यंत पोहण्यासाठी खुले असतात आणि जीवरक्षक सकाळी 11 ते संध्याकाळी 7 असतात. हिरवा झेंडा असेल तर पोहा, पिवळा असेल तर जपून, लाल असेल तर पाण्यात पाय नको. जूनमध्ये हवा तापलेली असते, पाणी बर्फासारखं. मुलांना पोहणं ऑगस्टमध्ये शिकवा. तोवर काठाने चाला. 18 मैलांच्या लेकफ्रंट ट्रेलवर सायकलींची वाट वेगळी आणि चालणाऱ्यांची वेगळी आहे. जमिनीवरच्या खुणा बघून चाला, सायकली फार वेगात येतात.

खेळाचं म्हणाल तर एकदा रिग्ली फील्ड या बेसबॉलच्या मैदानावर जाच. 1914 चं मैदान, सीमेच्या विटांच्या भिंतीवर वेल चढलेली, आणि अजूनही बरेच सामने भर दुपारी. दिवेच मुळी 1988 मध्ये लागले. क्रिकेटवर वाढलेल्याला बेसबॉल तासाभरात उमगतो: तीन गडी बाद झाले की बाजू बदलते, अशा नऊ फेऱ्या. प्रेक्षकांत आलेला चेंडू पकडणाऱ्याचा होतो, म्हणून नजर मैदानावर ठेवा. गाडी नेऊ नका, रेड लाइन या लोकल रेल्वेचं ॲडिसन स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे.

आईबाबा भेटीला येणार असतील तर त्यांना आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयात न्या. 11 सप्टेंबर 1893 रोजी विवेकानंद याच इमारतीत बोलले. मुंबईचे चित्रकार जितिश कल्लाट यांनी 2010 मध्ये तिथल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर ते भाषण दिव्यांच्या अक्षरांत मांडलं होतं. बाबा त्या जिन्यावर बराच वेळ नुसते उभे राहिले होते. बाहेर पडून दहा मिनिटांत अनिश कपूर यांच्या चकचकीत "बीन" या शिल्पापाशी पोचाल. कपूर यांचा जन्मही मुंबईचा.

एक आधीच सांगून ठेवते, म्हणजे घाबरणार नाही. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी 10 ला भोंगे वाजतात, ती चाचणी असते. इतर वेळी वाजले तर वादळ समजा आणि बाहेर असाल तर ताबडतोब पक्क्या इमारतीत, शक्यतो तळघरात जा.

पूर्ण दिवस मिळाला की इंडियाना ड्यून्स. वाळूचे डोंगर, खाली तोच तलाव आणि स्वच्छ दिवस असेल तर पलीकडे शिकागोच्या इमारतींची रेघ. 2019 मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं. त्याला लागूनच जुनं स्टेट पार्क आहे, आणि दोन्हींचं प्रवेशशुल्क वेगवेगळं. स्टेट पार्कातले तीन सर्वांत उंच ढीग एका दमात चढायची वाट दीड मैलाचीच आहे, पण दोन पावलं वर टाकली की एक खाली घसरतं. बूट घाला, दुपारी वाळू भाजते. घरी आल्यावर मुलांचे गुडघ्यांमागचे भाग आणि केसांची मुळं गोचीडांसाठी नीट तपासा. गाडी नसली तरी चालेल. मिलेनियम स्टेशनवरून साउथ शोर लाइनने ड्यून पार्कला उतरा, आणि चढायला लागण्याआधी परतीच्या गाडीची वेळ फोनमध्ये टिपून ठेवा.