गावाच्या आराखड्यासाठी हवामान-जोखमीचं साधन निवडताना

साधन म्हणजे आराखड्यातल्या कामांना हवामानाचा काय धोका आहे ते तपासायची प्रश्नांची पद्धत. साधनाचं नाव नंतर, आधी दुखणं ओळखा. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात वादळ केळी आडवी करतं, हिवाळ्यातली थंडी वाढ रोखते आणि उन्हाळ्यात उष्ण वारे पानं फाडतात. धडगावच्या सातपुड्यात गोष्टच निराळी: पाऊस पडतो, उतारावरून नर्मदेकडे निघून जातो. या दोन भागांतल्या गावांना भरायला एकच तक्ता देणाऱ्यापासून सावध राहा.

ग्रामसभेत लोकांसोबत बसून काम करायचं असेल तर ‘क्रिस्टल’ (CRiSTAL) हे साधन घ्या. त्यात लोक कशावर जगतात तिथून सुरुवात होते, मग धोके, मग आपल्या कामाने कोणाचा आधार वाढतो नि कोणाचा घटतो ते. वेळ लागतो, पण बायका आणि मजूर बोलतात. (फक्त सरपंचांच्या ओट्यावर भरलेला तक्ता मी वाचतही नाही.)

कामांची यादी लांब असेल तर स्विस विकास संस्थेचं ‘सेड्रिग’ (CEDRIG) हे साधन घ्या. त्याची ‘लाइट’ आवृत्ती खोलात जायची गरज आहे का, एवढंच सांगते. मला आवडतो तो त्याचा उलटा प्रश्न: तुमच्या कामामुळेच जोखीम वाढणार का? आमच्याकडे नवी कूपनलिका सुचवणाऱ्याला तो विचाराच, भूजल आधीच खोल गेलंय.

पावसाचे आकडे महसूल मंडळाचे घ्या. जिल्ह्याच्या सरासरीत रावेर आणि चाळीसगाव एकच दिसतात. शेवटी आराखड्यातलं एकच काम, समजा एखादा सिमेंट बंधारा, निवडलेल्या साधनाने तपासून बघा. त्याची जागा, आकार किंवा देखभाल यातलं काहीच बदललं नाही, तर दुसरं साधन शोधा.