'नाना' शेऱ्याविरुद्ध अपील: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

फौजेतून घरी आलेल्या माणसाच्या मेडिकल बोर्डाच्या कागदावर 'नाना' असा शेरा असतो. आजार नोकरीमुळे झाला नाही आणि नोकरीमुळे वाढलाही नाही, असा त्याचा अर्थ, आणि त्यावरून अपंगत्वाची पेन्शन नाकारली जाते. कान, गुडघा, पाठ यांच्या प्रकरणांतही तो दिसतो. पण जनरलाइज्ड अँक्झायटी, डिप्रेशन, न्यूरोसिस असं निदान असेल, तर माझ्याकडे आलेल्या बहुतेक फायलींत तो आहेच. या शेऱ्याविरुद्ध अपील करणं हे माझं काम. सातारा-सांगलीकडचे माजी सैनिक येतात आणि त्यांच्याबरोबर बहुधा त्यांची बायकोही येते.

या शाखेत येऊ पाहणारे तरुण वकील आधी निकालपत्रं मागतात. मी त्यांना नामंजुरीचं पत्र वाचायला लावते. त्यात ठरलेलं वाक्य असतं: आजार पीस स्टेशनला, म्हणजे मोहीम नसलेल्या शांत ठिकाणी असताना सुरू झाला, फील्ड, हाय अल्टिट्यूड किंवा बंडखोरीविरोधी मोहिमेशी त्याचा काळाच्या दृष्टीने जवळचा संबंध नाही. हे वाक्य लष्करी डॉक्टरांसाठीच्या 'गाइड टू मेडिकल ऑफिसर्स'मधून येतं. २००२ च्या आणि २००८ मध्ये सुधारलेल्या या पुस्तिकेतला परिच्छेद ५४ मानसिक आजारांवर आहे. तो पाठ करा. लढाईचा इलाखा, अतिउंच भाग, अगदी एकाकी चौकी, जहाजावरची नोकरी, भूकंप-चक्रीवादळात मृतदेहांजवळ केलेलं काम, अशा ठिकाणी आजार सुरू झाला तर तो नोकरीमुळे झाला असं मानायचं, हे तिथे लिहिलं आहे. त्याच परिच्छेदात पुढे रजेचा भाग येतो आणि तो फार कमी लोक वाचतात. बायको किंवा मूल गेलं, एकुलत्या एक मुलाचे आईवडील वारले, वडील नसलेल्या बहिणीचं लग्न होतं, आणि नोकरीच्या निकडीमुळे रजा नाकारली. त्यानंतर तीन महिन्यांत आजार उद्भवला, तर नोकरीमुळे तो वाढला असं धरता येतं. पीस स्टेशनला असला तरी. पेन्शनसाठी 'झाला' किंवा 'वाढला' यांपैकी एक सिद्ध झालं की पुरतं.

म्हणून माझ्याकडे पहिल्या बैठकीत कायद्याचं पुस्तक बंद असतं. मोठा कागद घेऊन चार रकाने आखते: कुठे पोस्टिंग, कधी रजा मागितली आणि मिळाली का, घरात काय घडलं, त्रास कधी सुरू झाला. शेवटच्या रकान्यासाठी बायकोला विचारा. गावात ज्यांना सगळे 'मेजर' म्हणतात ते स्वतः "मला काही नव्हतं ओ, नुसती झोप लागत नव्हती" एवढंच सांगतात. वहिनींना मात्र सगळं आठवतं. गौरी आल्या त्या आठवड्यात सुट्टीवर आलेले, रात्री उठून दाराची कडी तपासायचे, ताट समोर आलं की छातीत धडधड व्हायची. त्या वर्षीच्या गौरी कोणत्या तारखेला होत्या ते पंचांगात बघायचं आणि रकान्यात लिहायचं. बोर्डाने आजाराची सुरुवात म्हणून लिहिलेली तारीख अनेकदा हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा भरती झाल्याची असते. खरी सुरुवात कित्येक महिने आधीची, कुपवाड्यातली किंवा सियाचीनच्या वाटेवरची निघते. प्रकरण तिथे फिरतं.

मग या तोंडी माहितीला कागद जोडायचे. भरतीच्या वेळी माणूस 'शेप-वन' होता, म्हणजे मानसिक बाजूचा 'एस' धरून सगळ्या बाबतींत तंदुरुस्त होता, याची नोंद. नोकरी सोडतानाच्या रिलीज मेडिकल बोर्डाचा फॉर्म, ए.एफ.एम.एस.एफ.-१६. आणि कमांडिंग ऑफिसरने भरलेला ए.एफ.एम.एस.एफ.-१०, त्याची प्रत सोडू नका, कारण जवानाचं वागणं कधीपासून बदललं हे त्यात त्याच्या युनिटनेच लिहिलेलं असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला. प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा.

निकालपत्रांची वेळ आता येते. धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत उद्भवला असं सामान्यतः मानावं, आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. २०१९ च्या नरसिंग यादव निकालात त्याच न्यायालयाने म्हटलं की मानसिक आजार भरतीच्या तपासणीत ओळखू येईलच असं नाही. समोरचे वकील तो निकाल आणणारच. त्याला माझं उत्तर म्हणजे तो चार रकान्यांचा कागद. बोर्डाने कारण न देता नुसता शेरा मारला असेल तर तोही मुद्दा जोरात मांडा. २०२५ च्या राजूमोन निकालाचा तिथे आधार मिळतो.

मुदतींचं थोडक्यात सांगते. नामंजुरीपासून सहा महिन्यांत पहिलं अपील, त्यानंतर दुसरं, मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं मुंबई खंडपीठ. अपिलावर सहा महिने निर्णयच आला नाही तर ट्रिब्युनलकडे जाता येतं. उशीर झाला म्हणून कुणाला परत पाठवू नका. पेन्शन ही दरमहा चालू राहणारी बाब असल्याने उशिरा आलेली प्रकरणंही ऐकली जातात, मात्र थकबाकी अनेक निकालांत अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच दिलेली आहे. निवृत्तीची तारीखही आधी बघा: २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त झालेल्यांना नवे नियम आणि नवी 'गाइड' लागू आहे, वर सांगितलेली पुस्तिका त्याआधीच्यांसाठी.

पैशाचं गणित घरच्यांना समजेल असं सांगा. अपंगत्व ३० टक्के ठरलं असेल तर ब्रॉड बँडिंगने, म्हणजे टक्केवारी वरच्या ठरलेल्या टप्प्यावर नेण्याच्या पद्धतीने, ते ५० धरतात. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के हा दर असल्याने हातात पगाराचे १५ टक्के येतात. २० टक्क्यांच्या खाली ठरलेल्यांना मूळ नियमात काही नाही, पण आजारामुळे नोकरीतूनच काढलं असेल तर सुखविंदर सिंगचा २०१४ चा निकाल काढा.

एक गोष्ट मी प्रत्येक नवख्या वकिलाला बजावते. "केस चालू आहे तोवर गोळ्या बंद ठेवू का, म्हणजे आजार दिसेल?" असं घरचे विचारतात. तेव्हा तिथल्या तिथे, ठामपणे नाही म्हणा. औषधं ई.सी.एच.एस.मधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, नियमित चालू ठेवायची. उपचाराच्या त्या सलग नोंदी अपिलातही कामी येतात. जगण्यात अर्थ उरला नाही असं माणूस बोलू लागला तर तारीख, रकाने सगळं बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका, हॉस्पिटलला न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर वहिनींच्या फोनमध्ये पहिल्या बैठकीतच साठवून द्या.