गोव्याहून इमॅजिका: आजीपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांना जमेल असं प्लॅनिंग

इमॅजिका म्हणजे खोपोलीजवळचं थीम पार्क. पहिली गोष्ट, घरच्या ग्रुपवर "कुठल्या राईड बघायच्या" असं विचारू नका, शंभर मेसेज येतात आणि ठरत काहीच नाही. त्यापेक्षा प्रत्येकाला एकच विचारा, कुठली गोष्ट चुकली तर तुला वाईट वाटेल? पोरं नायट्रो (तिथला मोठा रोलर कोस्टर) म्हणतील, आजीला कदाचित आय फॉर इंडिया आवडेल, तिथे बसल्याजागी भारतावरून उडाल्यासारखं वाटतं. एवढ्या गोष्टी पक्क्या, बाकी मिळालं तर मिळालं.

जायचं कसं? मडगावहून संध्याकाळची कोकणकन्या पकडा, पहाटे पनवेल, तिथून खोपोलीकडे गाडी सांगून ठेवा. पण रात्रभर ट्रेन आणि लगेच पार्क हे म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही हो, एक दिवस आधी पोचून आराम करा, हा खर्च वाचवू नकाच.

आणि दिवसभर सगळे एकत्र फिरायचा हट्ट सोडा. गेट उघडल्यावर थरारवाले सरळ मोठ्या राईडला पळू देत कारण दुपारी तिथे रांग वाढते, लहान मुलांची उंची मोजूनच सोडतात म्हणून ती घरीच भिंतीपाशी मोजा आणि कुठल्या राईडला सोडणार नाहीत ते मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर रांगेच्या टोकाला जाऊन रडारड. जेवायला मात्र सगळे एकत्र, वेळ आणि जागा सकाळीच ठरवा. वॉटर पार्कचं तिकीट वेगळं असतं, तो दुसऱ्या दिवशी ठेवा, नायलॉनचे कपडे घरूनच न्या.