नायट्यावर क्रीम लावताय? आधी ट्यूब वाचा

पावसाळ्यात जांघेत नायटा उठला की आपण मेडिकलवाल्याकडे "खाजेची ट्यूब" मागतो आणि बऱ्याचदा हातात पडते स्टेरॉईडवाली, खाज लगेच थांबते पण नायटा पसरतच राहतो. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन (ही स्टेरॉईडंच) असलं काही दिसलं की सरळ परत करा, नुसतं क्लोट्रिमाझोल १ टक्का (बुरशी मारणारं क्रीम) मागा. जागा धुवून एकदम कोरडी करायची (ओल्यावर लावलं तर पैसे पाण्यात), मग पातळ थर, दिवसातून दोनदा, लाल कडेच्या बाहेर २ सेंटीमीटरपर्यंत, कारण नायट्याची बुरशी तिथपण असते. डाग गेला तरी २ आठवडे चालू ठेवा. टॉवेल वेगळा. डोक्यात, नखात असेल किंवा शुगर, प्रेग्नन्सी असेल तर थेट स्किनच्या डॉक्टरकडे.