पुढे एक, मागे वेगळे टायर : बसवण्याआधी काय काय तपासावे

परफॉर्मन्स गाडीला चारही चाकांवर एकाच मॉडेलचे टायर असणे सर्वांत चांगले. पण मागची जोडी आधी झिजते, हवे ते मॉडेल पुढच्या मापात मिळत नाही, किंवा ट्रॅकसाठी एकाच ॲक्सलला (पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीला) जास्त पकडीचे टायर हवे असतात. मग मिश्रण करावे लागते. ते करताना एक अट कधीही मोडू नका : कोरड्यात, ओल्यात, थंडीत आणि टायर अर्धे झिजल्यावरसुद्धा मागची पकड पुढच्यापेक्षा कमी असता कामा नये. पुढची पकड आधी सुटली तर गाडी वळणाबाहेर सरकते आणि ॲक्सिलरेटर हळूच सैल केला की बहुतेक वेळा सावरते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि सावरायला क्षणभराचाच वेळ मिळतो.

खरेदीआधी ॲक्सलची जोडी पक्की करा. एकाच ॲक्सलवरचे डावे-उजवे टायर एकाच कंपनीचे, मॉडेलचे, मापाचे आणि जवळपास सारखेच झिजलेले हवेत; इथे तडजोड नाही. साइडवॉलवरच्या (टायरच्या बाजूच्या भिंतीवरच्या) डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. 2322 म्हणजे 2022 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी भरपूर असली तरी वय झालेले रबर कडक होते, त्यामुळे पुढे नवे आणि मागे कपाटात जपलेले जुने टायर ही जोडणी नकोच.

आता टायरचा प्रकार. सगळ्यात जास्त चूक फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्यांत होते. इंजिनाची ताकद, स्टिअरिंग आणि बहुतांश ब्रेकिंग पुढेच, म्हणून लोक पुढे सेमी-स्लिक (उथळ, कमी खाचांचे, कोरड्या ट्रॅकसाठीचे टायर) घालतात आणि मागे साधे टायर राहू देतात. सरळ रस्त्यावर आणि वळणातून बाहेर पडताना गाडी छान वाटते. पण वेगात वळणात शिरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे येते, मागची चाके हलकी होतात आणि शेपूट सुटते. उलट बाजूनेही फसगत होते : मागे सेमी-स्लिक आणि पुढे रस्त्याचे समर टायर असले की कोरड्यात, टायर तापलेले असताना सगळे ठीक चालते. त्याच गाडीत पाऊस आला की उथळ खाचांचे मागचे टायर पाणी बाहेर टाकू शकत नाहीत आणि आधी तेच पाण्यावर तरंगतात. म्हणून ट्रॅकवर वापरायचे मिश्रण ओल्या रस्त्यावरून घरी परतताना कसे वागेल, हा विचार आधी करा. तापमान 7 अंशांच्या खाली जात असेल तर समर टायरचे रबर ताठरते. अशा वेळी विंटर टायर फक्त पुढे घालणे सर्वांत घातक, घालायचे तर चारही. रेडियल आणि क्रॉस-प्लाय (आतले धाग्यांचे थर वेगळ्या पद्धतीने रचलेले दोन प्रकारचे टायर) एका गाडीवर मिसळू नका.

ट्रेडवेअरच्या, म्हणजे टायर किती टिकेल हे सुचवणाऱ्या आकड्यावरून दोन कंपन्यांची तुलना करू नका. तो आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एकीचा 200 आणि दुसरीचा 200 सारखी पकड देतीलच असे नाही.

ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर परिघाचा हिशेब कागदावर करा. 245/40 आर 18 म्हणजे रुंदी 245 मिमी, साइडवॉलची उंची रुंदीच्या 40 टक्के आणि रिम 18 इंचांची. पुढच्या 245/40 आर 18 चा व्यास सुमारे 653 मिमी, मागच्या 275/35 आर 18 चा 650 मिमी. फरक जेमतेम अर्धा टक्का. मागे 265/35 आर 18 घेतला तर व्यास 643 मिमी भरतो आणि फरक दीड टक्क्यावर जातो. एवढ्या फरकाने पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला डिफरन्शियल किंवा क्लच पॅक सतत घासत राहतो, तापतो आणि शेवटी खराब होऊ शकतो. मॅन्युअलमधली मर्यादा पाहा. छापील माप सारखे असले तरी वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रत्यक्ष व्यास थोडे वेगळे असतात, तेव्हा दोन्हींच्या माहितीपत्रकातले दर किलोमीटर फेऱ्यांचे आकडे समोरासमोर ठेवा. रिमची रुंदीही जुळवा : 245/40 साठी साधारण 8 ते 9.5 इंच, 275/35 साठी 9 ते 11 इंच. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) आणि वेगाचे अक्षर गाडीने मागितल्यापेक्षा खाली नको. व्ही म्हणजे ताशी 240 किमी, डब्ल्यू 270, वाय 300; चार टायरांपैकी सर्वांत कमी वेगाचे अक्षर तीच गाडीची मर्यादा.

बसवताना बाणाची दिशा आणि ‘आउटसाइड’ची खूण नीट तपासा, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या, चाकाचे नट टॉर्क रेंचने कसा आणि 50 ते 100 किमीनंतर पुन्हा तपासा. चाकांच्या वेगावरून हवा कमी झाल्याचे ओळखणारी यंत्रणा असेल तर ती रीसेट करा. हवा थंड टायरमध्ये, गाडी तीन तास उभी राहिल्यावर मोजा. नव्या मॉडेलची साइडवॉल जुन्यापेक्षा मऊ असेल तर जुना दाब तसाच ठेवून भागत नाही. पुढची साइडवॉल ताठ आणि मागची मऊ असली की स्टिअरिंग लगेच वळते, पण मागची बाजू उशिरा येते. लेन बदलताना गाडी दोनदा हलल्यासारखी वाटते. त्यावर मागे हवेचा दाब 1-2 पीएसआय वाढवून पाहा, एकदम जास्त नको.

पहिले 200-300 किमी सांभाळून चालवा, नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून आलेला निसरडा थर निघायला तेवढा वेळ द्या. मग रहदारीला बंद असलेल्या मोकळ्या जागेत, ईएससी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) चालू ठेवून, आधी कोरड्यात आणि मग ओल्यात, एकाच त्रिज्येच्या वर्तुळात वेग हळूहळू वाढवा. पुढची बाजू आधी बाहेर सरकली तर ठीक. नंतर त्याच वर्तुळात कमी वेगाने ॲक्सिलरेटर सोडून पाहा. मागची बाजू सुटू पाहत असेल किंवा ईएससीचा दिवा पूर्वीपेक्षा लवकर लुकलुकत असेल, तर हे मिश्रण काढून टाका. दोन्हीकडे एकच माप असेल तर जोड्या अदलाबदल करून पुन्हा चाचणी घ्या. त्यानंतर दर 2,000 किमीला चारही टायरच्या खाचा मोजून लिहून ठेवा. मागच्या खाचा पुढच्यापेक्षा 2 मिमीने उथळ झाल्या की पावसाळी वापराआधी मागचे बदला.