ताम्हिणी घाटात लॅम्बोर्गिनी उरुस चालवताना
पुण्याच्या चांदणी चौकापासून मुळशीपर्यंत रोजच्या रस्त्यासाठीचा 'स्ट्राडा' मोडच ठेवा. टायर, ब्रेक तापू द्या. २०१७ साली आलेल्या लॅम्बोर्गिनी उरुसचं वजन सुमारे २२०० किलो, इंजिन चार लिटरचं ट्विन-टर्बो व्ही-८, ६५० अश्वशक्तीचं. घाटात वजन आधी लक्षात ठेवा, ताकद नंतर. ४८ व्होल्टच्या मोटरी डाव्या-उजव्या चाकांना जोडणारे दांडे, म्हणजे अँटी-रोल बार, पिळून गाडी वळणावर कलू देत नाहीत, म्हणून वेग जाणवतच नाही. मी अंगाला काय वाटतं ते सोडून स्पीडोमीटर बघतो. ब्रेक वळणाआधी, स्टिअरिंग सरळ असतानाच मारा. कमी वेगात मागची चाकं पुढच्यांच्या उलट वळतात; आखूड वळणावर ही लांबलचक गाडी अलगद फिरते, मला तिचं हेच सर्वांत आवडतं. उताराला गिअर स्टिअरिंगमागच्या पॅडलने खाली घ्या. खड्डे दिसले की एअर सस्पेन्शनने गाडी वर उचला. पावसाळ्यात धबधब्यांपाशी माणसं रस्त्यावरच उभी असतात. तिथे रेसट्रॅकसाठीचा 'कोर्सा' मोड अजिबात नको.