दोन काळांची कादंबरी हातात घेतलीत? मग या चुका टाळा

गेल्या दिवाळीत मावशीला एक जाडजूड कादंबरी दिली होती. एक प्रकरण पेशवाईतलं, पुढचं आजच्या पुण्यातलं, अशी आलटून पालटून जाणारी. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. "अगं, पुस्तक झकास आहे, पण ती पीएचडीवाली पोरगी मध्येमध्ये कशाला कडमडते? मी तिची पानं सोडूनच दिली."

"मग शेवट कळला का?"

"तेच विचारायला फोन केला."

मावशीला हसायचा मला अधिकार नाही, कारण हे उद्योग मीही केले आहेत. आमच्या वाचनकट्ट्यावरही दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी हीच तक्रार घेऊन येतं. अशी पुस्तकं अर्धवट सुटतात ती बहुतेक वेळा पुस्तक वाईट म्हणून नाही, वाचायची सवय वेगळी म्हणून.

आजची प्रकरणं जाहिरातींसारखी पळवू नका

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा रेंगाळते. आपण वाढलो त्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत एकदा का दिंडी दरवाजातून आत शिरलं की थेट शेवटच्या पानावरच बाहेर यायचं. मध्ये कुणी लॅपटॉप उघडत नाही. त्यामुळे आजचं पात्र आलं की आपल्याला वाटतं, गोष्ट थांबली.

ती थांबलेली नसते. या कादंबऱ्यांना नुसतं "तेव्हा काय घडलं" एवढंच सांगायचं नसतं. तेव्हाचं आपल्यापर्यंत काय पोचलं आणि वाटेत काय गळालं, हा त्यांचा खरा विषय. आजच्या पात्राच्या हाती चार कागद असतात, आपण मात्र त्या कागदांमागचे दिवस डोळ्यांनी पाहिलेले असतात. या दोन माहितींमधली फट हीच वाचायची जागा.

ए. एस. बायट यांच्या 'पझेशन' या १९९० च्या कादंबरीत दोन अभ्यासक व्हिक्टोरियन काळातल्या दोन कवींचं नातं कागदपत्रांतून उकलत नेतात. सगळं उलगडलं असं वाटत असतानाच अगदी शेवटच्या पानांत एक भेट येते. तिची नोंद कुठल्याच पत्रात नाही, कुठल्याच डायरीत नाही. अभ्यासकांना ती कधीच कळणार नाही, कळते फक्त वाचकाला. (थोडं फोडलं, माफ करा. कोण कुणाला भेटतं ते सांगितलेलं नाही.) अभ्यासकांची प्रकरणं गाळून आलेल्याला या पानांत काय विशेष आहे ते कळणारच नाही.

घरचं उदाहरण घ्या. पानिपतच्या पराभवाची बातमी देणारं सावकारी पत्र आपल्याकडे सगळ्यांनी शाळेत ऐकलेलं असतं: दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोत्यं म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, हे आपल्याला ठाऊक आहे. आता समजा, संकेताची किल्ली हरवलेला असाच एखादा कागद आजच्या पात्राच्या हाती लागला, आणि बिचारं त्यावरून अठराव्या शतकातल्या मोत्यांच्या व्यापारावर प्रबंध लिहीत बसलं. आपण मागच्याच प्रकरणात रणांगण पाहून आलोय. ओरडून सांगावंसं वाटतं, पण सांगता येत नाही. हा जीव टांगणीला लागणं सलग ऐतिहासिक कादंबरी देऊच शकत नाही.

म्हणून आजच्या प्रकरणात शिरताना दोन गोष्टी टिपा: या माणसाला नवं काय सापडलं, आणि त्याने त्याचा चुकीचा अर्थ काय लावला. एवढं केलंत तरी ती पीएचडीवाली पोरगी कडमडत नाही.

आणखी एक. जुनी प्रकरणं सांगतंय कोण, हे पहिल्या पन्नास पानांत हुडकून ठेवा. कधी ती लेखक थेट सांगतो, तर कधी आजचंच पात्र ती लिहीत असतं. दुसऱ्या प्रकारात पेशवाईतली बाई फार आधुनिक बोलू लागली, तर लेखकावर खेकसण्याआधी थांबा. ती चूक त्या पात्राची असू शकते, आणि लेखकाने मुद्दाम ठेवलेली.

सनावळीचा गुंता

"मला तारखा लक्षात राहत नाहीत" हे दुसरं रडगाणं. तारखा पाठ करायच्याच नाहीत. पुस्तकाच्या आकाराचा एक पाठकोरा कागद घ्या, मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे तेव्हा, उजवीकडे आता. प्रकरणाचा आकडा, साल, गाव आणि त्या प्रकरणात हातातून हातात गेलेली वस्तू लिहा: अंगठी, पत्र, वाड्याची किल्ली, काय असेल ते. माणसं विसरली तरी चालतात, वस्तू विसरू नका. या प्रकारात एका काळातून दुसऱ्या काळात चालत येतात त्या वस्तूच.

मराठी पुस्तकांत अडचण वेगळीच असते. लेखक हौसेने जुन्या पत्राचा मायना जसाच्या तसा देतो आणि वाचक "हे काहीतरी फारसी आहे" म्हणून पुढे सरकतो. तिथेच काळ सांगितलेला असतो. उदाहरणार्थ, "सन इहिदे सितैन मया व अलफ". हे आकडेच आहेत, एककापासून सुरू होणारे. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. हा सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या पत्रांत चालणारी कालगणना. तो सूर्य मृगात शिरला की बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हे वर्ष १७६० च्या पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झालं आणि १४ जानेवारी १७६१, पानिपतचा दिवस, याच्याच पोटात आला. आता तो मायना पुन्हा वाचा. पत्र लिहिणाऱ्याला पुढचं काही माहीत नाही, आणि तुमच्या मात्र पोटात गोळा येतो.

शके असेल तर ७८ मिळवा, आणि पौषात इंग्रजी वर्ष उलटलेलं असेल तर ७९. पानिपतची पौष शुद्ध अष्टमी शके १६८२ ची, म्हणून १७६१. पत्रात नुसतं "छ" आणि पुढे आकडा दिसला तर तो छापखान्याचा गोंधळ नव्हे. छ म्हणजे चंद्र, आणि आकडा हिजरी महिन्याची तारीख. एवढं पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलं की पुरतं.

ऑडिओबुक ऐकणाऱ्यांचे हाल जास्त. प्रकरणाच्या डोक्यावरचं साल भांडी घासताना कानावरून निघून जातं आणि मग वीस मिनिटं आपण कुठल्या शतकात आहोत याचा पत्ता नसतो. अशी कादंबरी पहिल्यांदा तरी छापील वाचा. ऐकायचीच असेल तर प्रकरण सुरू होताना हात पुसून बसा.

कादंबरीतला कागद व्हॉट्सॲपवर टाकू नका

या प्रकारात खोटे कागद फार बनतात. लेखक रोजनिशी लिहितो, बखरीचं पान लिहितो, दफ्तरातल्या रुमालाचा, म्हणजे कागदांच्या गाठोड्याचा, क्रमांकही देतो. सगळं काल्पनिक. पण एवढं हुबेहूब की कुणीतरी फोटो काढतं, "दडवलेला इतिहास" असा मथळा देतं आणि पाठवून मोकळं होतं.

नारायणरावाच्या खुनाचं बघा. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, गारदी, पुढे राघोबादादांविरुद्ध बारभाईंचं कारस्थान, हा झाला इतिहास. आनंदीबाईंनी चिठ्ठीतल्या "धरावे"चं "मारावे" केलं ही आख्यायिका. ती इतकी रुजली की "ध चा मा करणे" हा वाक्प्रचारच झाला. आता एखाद्या कादंबरीत आजच्या संशोधिकेला माळ्यावरच्या ट्रंकेत ती चिठ्ठी सापडली, तर तो लेखकाचा डाव आहे, खुशाल रमा त्यात. फक्त संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर "अखेर पुरावा मिळाला" म्हणून धाडू नका. शंका आली तर बघायच्या जागा आपल्याकडे आहेत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा १८९८ मध्ये निघालेला पहिला खंड उघडलात तर १७५० ते १७६१ मधली अस्सल पत्रं हाती येतात. कादंबरी संपल्यावर त्यातली दहा पत्रं वाचून पाहा, लेखकाने सूर कुठून उचलला ते लगेच ऐकू येतं.

उलटी गल्लतही होते. अमिताव घोष यांचं 'इन अ‍ॅन अँटीक लँड' अनेकजण कादंबरी म्हणून वाचतात. इजिप्तमधल्या खेड्यातलं लेखकाचं राहणं आणि बाराव्या शतकात मंगळुरात राहिलेला बेन यिजू नावाचा ज्यू व्यापारी, असे दोन पदर त्यात आहेत. पण ती पत्रं खरी आहेत. देवाचं नाव असू शकेल असा कागद टाकायचा नाही, म्हणून जुन्या कैरोतल्या सिनेगॉगच्या कोठीत ती साठत गेली आणि टिकली. खरं-खोटं माहीत असलं की वाचायचा श्वासच बदलतो, म्हणून पुस्तक कोणत्या प्रकारचं आहे तेवढं आधी बघून घ्या.

चुका काढायच्याच तर मोठ्या काढा. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, तेव्हा यादवांच्या देवगिरीत कुणी ठेचा वाटत बसलं असेल तर जरूर चिडा. पण दर पानाला मोबाइल उघडून सरदाराचं वय तपासत बसलात तर कादंबरी हातातून गेलीच म्हणा. पेन्सिलीने समासात टिंब करा आणि पुढे चला.

प्रत्येक दुवा जुळलाच पाहिजे, हा हट्ट

वाचकाला वाटतं, आजची नायिका नक्की त्या जुन्या बाईची खापरपणती निघणार. काही पुस्तकांत निघते, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा जरा चिडचिडच होते. चांगली पुस्तकं एवढी आज्ञाधारक नसतात. कुर्रतुलऐन हैदर यांच्या 'आग का दरिया' (१९५९) मध्ये गौतम, चंपा, हरिशंकर ही नावं मौर्यकाळापासून फाळणीनंतरपर्यंत पुन्हा पुन्हा येतात. आमच्या कट्ट्यावर एका काकांनी पुनर्जन्माचा तक्ता करून आणला होता. तक्ता देखणा होता, कादंबरीने मात्र त्याला कुठेच होकार दिला नाही. ती नावं नदीत वाहत येणाऱ्या ओंडक्यांसारखी येतात. हे ओंडके तेच का, असं नदीला विचारून उत्तर मिळत नाही.

एकाआड एक प्रकरणं असतीलच असंही नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या 'हिंदू'त (२०१०) पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव मोहेंजोदडोहून वडिलांच्या आजारपणामुळे गावाकडे निघतो, आणि काळ त्याच्या आठवणींतून कुठूनही, कितीही खोलातून वर येतो. इथे माझा उभ्या रेघेचा कागद पार निकामी झाला. दोन दिवस झटापट करून तो फाडला आणि पुस्तक नुसतं वाचलं. तेव्हाच ते लागलं.

प्रस्तावना नंतर

आपल्याकडे मनोगत पुढे छापायची रीत आहे आणि त्यात लेखक भरात येऊन निम्मं रहस्य सांगून टाकतात. अर्पणपत्रिकेवरून थेट पहिल्या प्रकरणावर जा. मनोगत शेवटी वाचलंत तर जास्त कळतं.

साठ-सत्तर पानांवर अडकलात तर

आधी वेग बघा. रोज चार पानं वाचली तर दोन काळ कधी जोडलेच जात नाहीत. एका बैठकीत किमान एक जुनं आणि एक आजचं प्रकरण संपवा, आणि सुट्टी आजच्या प्रकरणानंतर घ्या, म्हणजे पुढच्या वेळी जुन्यात शिरायची ओढ राहते. तरीही जमलं नाही, तर ज्या काळात जीव रमतो त्याची पुढची तीन प्रकरणं सलग वाचा आणि परत मागे या. शुद्ध वाचक नाकं मुरडतील, मुरडू देत. फक्त परत या, मावशीसारखं तिकडेच राहू नका.

मावशीने नंतर ती कादंबरी पुन्हा घेतली, या वेळी माझ्याकडची प्रत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. पुस्तकातून माझा उभ्या रेघेचा कागद तिच्या मांडीवर पडला होता, आणि उजवीकडच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: "पान ३१२. अंगठी खोटी. हिला शेवटपर्यंत कळत नाही."